मुंबई १४, बंगळूर २८

बेळगावातून मुंबईला फोन लावायचा झाला तर नुसत्या कोडसाठी जुन्या, चकती फिरवायच्या फोनची डायल १४ ठोके देते आणि बंगळूरला लावायचा तर २८. बरोब्बर दुप्पट. मुंबईचा कोड ०२२, म्हणजे शून्याचे १० ठोके, दोनाचे २ आणि परत दोनाचे २. बंगळूरचा ०८०, म्हणजे १०, ८ आणि परत १०. आणि रस्त्याने बघाल तर दोन्ही शहरं आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्याच आसपास. हा हिशोब सीमाभागात कुणालाही सांगा, तो आधी हसतो आणि मग आपापल्या सोयीचा अर्थ काढतो. महाराष्ट्र एकीकरण समितीतल्या एका काकांनी तर भाषणात वापरतो म्हणून वहीत लिहून घेतलं. माझा कन्नड मित्र म्हणाला, "राजधानीला जायचं म्हणजे वेळ लागणारच की री." मी दोघांनाही हो म्हणालो, बेळगावात राहायचं तर एवढं जमावं लागतं.

तसं बघायला गेलं तर बंगळूरचा कोड पूर्वी ०८१२ होता, तेव्हा २१ ठोके पडायचे, त्यामुळे यात कुणाचा काही डाव वगैरे नाही. पण डायलच्या जमान्यात कुठल्या शहराला कुठला आकडा द्यायचा याला वजन होतं हे खरंय. अमेरिकेत १९४७ साली एरिया कोड वाटले तेव्हा जिथे सगळ्यात जास्त फोन तिथे सगळ्यात कमी ठोके, असा सरळ विचार केला होता, म्हणून न्यूयॉर्कला २१२, लॉस एंजेलिसला २१३ आणि शिकागोला ३१२ मिळाला. आपल्याकडे दिल्ली ०११, मुंबई ०२२, कलकत्ता ०३३, मद्रास ०४४, ओळीने बघा म्हणजे कळेल.

मला मात्र सगळ्यात भारी वाटतं ते कोल्हापूरचं. कोल्हापूर ०२३१, बेळगाव ०८३१. एकाच आकड्याचा फरक, बाकी सगळं तेच. कोगनोळीचा नाका ओलांडला की दोनाचा आठ होतो, बस्स. आणि खाली गोव्याला गेलात तर ०८३२, म्हणजे तिथेही एकानेच हुकलं.

हे असले ठोके मोजायचा नाद मला लागला तो आत्याच्या फोनमुळे. आत्याचं सासर खानापूर. खानापूर म्हणजे पाऊस, जंगल, भात आणि माती. तिथली माती अशी की गावात केंद्र सरकारची कुंभारकामाची संस्था आहे आणि कौलं, विटा यावर कित्येक घरं उभी राहिली. मामांचा (आत्याचे यजमान, आम्ही मामाच म्हणायचो) कौलांचा छोटा कारखाना होता, भट्टीच्या अंगाला एक ऑफिस, त्या ऑफिसात टेबल, टेबलावर लाल कापडाची चोपडी आणि तिच्या बाजूला काळा फोन. तिथे सगळ्यावर तांबूस धुळीचा थर असायचा, चहाच्या बशीवरसुद्धा. फोन तेवढा आत्या रोज पुसायची त्यामुळे तो बाहेरून चकाचक होता. बाहेरून.

कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, मामा गेले, फोन माळ्यावर गेला. मागच्या पावसाळ्यात घर शाकारायच्या वेळी खाली आला आणि आत्या म्हणाली, "तुला मशीनचं कळतंय न्हवं, मग बघ की जरा. फिरतंय तसं, खरं अडकल्यासारखं करतंय."

फिरतंय तसं. हे वाक्य मी रोज ऐकतो. मी उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो आणि माझी निम्मी भांडणं याच वाक्यावरून होतात. स्पिंडल फिरतंय की साहेब, व्हाल्व उघडतोय की साहेब, पास करा. फिरणं वेगळं आणि मापात फिरणं वेगळं हे मी माणसाला समजावून सांगू शकलेलो नाही, त्यामुळे फोन घरी आणताना मनात ठरवलं होतं की हा मापात फिरवायचा. हल्ली हे जुने फोन विकत घेऊन हॉलमध्ये शोपीस म्हणून ठेवायची फॅशन आलीये, बाहेरून पॉलिश मारून आरसा करतात, कॉर्ड नवी घालतात आणि डायल फिरवून दाखवतात, बघा चालतंय. अरे पण ते नुसतं फिरतंय.

डायल म्हणजे मुळात काय आहे ते आधी सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याला वाटतं की आपण आकडा फिरवतो तेव्हा फोन काहीतरी पाठवतो. तसं नाही, बोट घालून चकती स्टॉपरपर्यंत नेता तेव्हा काहीच होत नाही, तुम्ही फक्त आतली मेन स्प्रिंग ताणत असता, हळू ताणा की जोरात, कुणाला फरक पडत नाही. बोट काढलं आणि चकती परत फिरायला लागली की खरं काम चालू होतं. परत येताना आतली एक छोटी कॅम (उंचवटे असलेलं चाक) धातूच्या दोन पातळ पत्त्यांना उघडते, मिटते, उघडते, मिटते, आणि प्रत्येक उघडण्याला लाइन क्षणभर तुटते. ५ फिरवला तर लाइन पाच वेळा तुटणार, शून्य फिरवला तर दहा वेळा. पलीकडे एक्स्चेंज बसून हे तुटणं मोजतं. बास, एवढंच. लाइन तोडून तोडून नंबर सांगायचा.

आणि हे तुटणं कसंही चालत नाही. सेकंदाला दहा ठोके, हे माप. ब्रिटिश पद्धतीच्या डायलना ९ ते ११ पर्यंत सूट, आपले फोन त्याच वळणाचे. वर प्रत्येक ठोक्याचे दोन भाग, दोन तृतीयांश वेळ लाइन तुटलेली आणि एक तृतीयांश जोडलेली, म्हणजे साधारण ६६ मिलिसेकंद उघडी आणि ३३ बंद. जुन्या स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये यासाठी रिले (विजेने उघडमीट होणारे स्विच) असायचे, एक चपळ, जो प्रत्येक ठोक्याबरोबर खालीवर व्हायचा, आणि त्याच्या जोडीला दोन मुद्दाम मंद ठेवलेले. लाइन जास्तच वेळ तुटलेली राहिली तर एक मंद रिले सुटायचा आणि एक्स्चेंज समजायचं की यानं फोन खाली ठेवला. उलट ठोक्यांच्या मधे लाइन जास्तच वेळ जोडलेली राहिली तर दुसरा सुटायचा आणि एक्स्चेंज समजायचं की आकडा संपला, पुढचा घ्या. डायलवर १ आणि स्टॉपर यांच्यामधे थोडी जागा रिकामी सोडलेली असते ना, ती पण याचसाठी. दोन आकड्यांच्या मधे थोडा वेळ मिळावा आणि तेवढ्यात एक्स्चेंजने पुढची मोकळी लाइन शोधावी. मला लहानपणी वाटायचं की ती जागा कंपनीचं नाव लिहायला सोडलीये.

हे स्ट्रोजर म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे अल्मन स्ट्रोजर, धंदा अंत्यसंस्काराचा. गोष्ट अशी सांगतात की गावातल्या टेलिफोन ऑपरेटर बाई त्यांची गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवायच्या, म्हणून या गृहस्थाने बाईच नको असं यंत्र काढलं आणि १८९१ साली पेटंट घेतलं. पहिलं एक्स्चेंज १८९२ ला इंडियाना राज्यात ला पोर्ट इथे. सुरुवातीला डायल नव्हतीच, जेवढा आकडा तेवढ्या वेळा बटण दाबायचं, मोजायचं काम माणसाचं. बोटाने फिरवायची चकती त्यांच्या सोबत्यांनी १८९६ च्या सुमाराला आणली. आपल्याकडे पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज सिमल्याला, १९१३-१४ ला, साहेब लोक उन्हाळ्यात तिथे असायचे ना. आणि ट्रंक कॉल बुक न करता परगावी थेट डायल करायची सोय १९६० ला लखनौ-कानपूरपासून सुरू झाली. ती सोय आपल्या गावात येईपर्यंत १८० फिरवून ट्रंक बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग ते सांगायचं आणि फोनशेजारी बसून राहायचं. आत्याच्या लग्नाचा बोलाचालीचा निरोप असाच अर्जंटने गेला होता असं आज्जी सांगायची, अर्जंट कशाला तर लायटनिंग परवडत नव्हता म्हणून.

मामांच्या फोनला कुलूप असायचं. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, इवलंसं गोल कुलूप, ते १ च्या भोकात अडकवायचं. मग कुठलाही आकडा फिरवा, कुलूप चकतीबरोबर जाऊन स्टॉपरला धडकतं आणि १ च्या पुढे काही जात नाही. किल्ली मामांच्या जानव्याला. खरं भट्टीवरची पोरं कसली ऐकतात, त्यांनी रिसीव्हर ठेवायच्या बटणावर टकटक करून फोन लावायला सुरुवात केली. पाच हवे तर पाच टकटक, थोडं थांबायचं, मग पुढचा आकडा. मामांना बिल आलं की कळायचं. मामा म्हणायचे भुताटकी आहे. आता डायल उघडून बघितल्यावर मला त्या पोरांचं कौतुक वाटतंय, कारण सेकंदाला दहाच्या आसपास हाताने टकटक करून, तेही शून्याला न चुकता दहा, हे सोपं काम नाही, आणि त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं की एक्स्चेंजला चकतीशी काही देणंघेणं नसतं, फक्त लाइन तुटण्याशी असतं.

घरात दुसरी आख्यायिका म्हणजे थंडीची. आत्या सांगते, "डिसेंबर आला की ह्याला थंडी वाजायची. सकाळी नंबर लावायला घेतला की मधेच पुन्हा आपला घूंऽऽ आवाज. दुपारी ऊन आलं की बरोबर लागायचा. मामा म्हणायचे वायर आखडते." वायर आखडत नव्हती. ते मला पुढे कळलं.

उघडायचं काम एका रविवारी काढलं. चकतीच्या मधोमध एक गोल सेल्युलॉइडचं झाकण असतं, त्याच्याखाली कागदावर फोनचा नंबर, तोही मामांच्या वळणदार अक्षरात, ४ ची शेपटी लांब. झाकण निघालं की मधे स्क्रू. इथे सांभाळायचं, कारण मेन स्प्रिंग आधीच ताणून बसवलेली असते, चकती हाताने धरून न ठेवता स्क्रू सोडला तर सगळा ताण फर्रकन सुटतो आणि किती वेढे होते ते मोजायचं राहून जातं. मी चकती धरून हळूहळू सोडली, वेढे कागदावर लिहिले, प्रत्येक स्टेपचा मोबाईलने फोटो काढला. आणि हो, लाइनला जोडलेला असेल तर आधी काढा. बोलायच्या लाइनवर ५० च्या आसपास डीसी व्होल्ट असतात, त्याचं फार काही नाही, खरं बेल येते तेव्हा साधारण ७५ व्होल्ट एसी येतो आणि तो नेमका तुमचं बोट आत असतानाच येतो.

चकती निघाली आणि वास आला. खोबरेलचा. जुना, खवट झालेला, पण खोबरेलच.

आत्याला फोन केला (मोबाईलवरून). "मग? कुरकुर करत होतं म्हणून एक थेंब घातला होता की. दर वर्षी घालतो मी. शिलाई मशीनला पण तेच घालतो." आमच्याकडच्या बायका घालतो, जातो असंच बोलतात, पुण्याकडच्यांनी गोंधळून जाऊ नये.

तर सगळा उलगडा तिथेच झाला. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गोठायला लागतं आणि खानापूरची डिसेंबरची सकाळ त्याच्या कितीतरी खाली असते, बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय तेल निघत नाही हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय. डायलमधला थेंब पण तसाच गोठायचा. चकती रेंगाळत परत यायची, लाइन नको तितका वेळ तुटलेली राहायची, एक्स्चेंज समजायचं यानं फोन ठेवला, आणि नवीन डायलटोन द्यायचं. आत्याचा घूंऽऽ आवाज. दुपारी ऊन चढलं की तेल पातळ, डायल सरळ. त्यात वर्षानुवर्षं कौलाच्या मातीची बारीक धूळ बसलेली, म्हणजे तेल राहिलंच नाही, घासायची पेस्ट झाली होती. वर्म गिअरच्या दात्यांत ती तांबूस पेस्ट घट्ट भरलेली. सगळा फोन बाहेरून रोज पुसला जात होता आणि आत खानापूर साठत होतं.

आता या डायलचा जीव ज्या पार्टमध्ये आहे तो म्हणजे गव्हर्नर. मागच्या बाजूला नखाएवढी पितळी वाटी असते, तिच्या आत एका बारीक दांड्यावर दोन छोटी वजनं, पातळ स्प्रिंगच्या हातांवर बसवलेली. चकती परत फिरते तेव्हा वर्म गिअरमुळे ही दांडी प्रचंड वेगाने फिरते, वजनं बाहेर फाकतात आणि वाटीच्या आतल्या भिंतीला घासतात. वेग वाढला की जास्त घासतात, कमी झाला की सुटतात. म्हणून स्प्रिंग कितीही जोरात ओढत असली तरी चकती एकाच चालीने येते. आपल्याला जी ती ओळखीची किर्रर्र ऐकू येते ती हीच. आणि नेमकं या वाटीत तेलाचा थेंब पडला की संपलं, घासणंच बंद, कारण ब्रेकला तेल घातल्यावर ब्रेक कसा लागणार. माझ्या फोनमध्ये वाटीत तेल गेलेलं होतं आणि शिवाय गोठलेलं होतं, त्यामुळे थंडीत अडकायची आणि उन्हाळ्यात नुसती पळायची. दोन्ही रोग एकाच बाटलीतले.

खोलायच्या आधी मी माप घेऊन ठेवलं होतं, ती सवयच आहे, आधीचं रीडिंग नसेल तर नंतरच्याला काही अर्थ नाही. पद्धत एकदम सोपी आहे. मोबाईल डायलजवळ ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचं, शून्य फिरवायचा, ती फाइल कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. पत्त्यांचा प्रत्येक टक वेगळा दिसतो, उघडताना एक, मिटताना एक. पहिल्या उघडण्यापासून दहाव्या उघडण्यापर्यंतचा वेळ मोजायचा. इथे बरेच जण त्या वेळेला दहाने भागतात, पण दहा ठोक्यांमधे अंतरं नऊच असतात, त्यामुळे डायल बरोबर असेल तर तो वेळ ०.९ सेकंद यायला पाहिजे. माझा १.४ आला. म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आतच. आत्याच्या भाषेत, फिरतंय तसं.

धुवायचं काम माझ्या हाताचं नव्हतं म्हणून ते खडेबाजारच्या बाजूला एक घड्याळवाले काका बसतात त्यांच्याकडे नेलं. आता त्यांच्याकडे घड्याळं कमी आणि बॅटऱ्या बदलायलाच जास्त येतात, त्यामुळे डायल बघून ते खूश झाले. घरी कन्नड, दुकानात जसं गिऱ्हाईक तशी भाषा, एका वाक्यात तीन भाषा सहज. गव्हर्नर डोळ्याच्या भिंगाखाली धरून म्हणाले, "अय्यो, याला कुणी आंघोळ घातलीये की री." पांढऱ्या पेट्रोलमध्ये एकेक पार्ट धुतला, ब्रशने दाते साफ केले, वाटी आतून तीनतीनदा पुसून कोरडी ठणठणीत केली. मग घड्याळाच्या तेलाची सुई काढून दांडीच्या दोन टोकांना फक्त टेकवली, थेंब सुद्धा नाही, आणि मी वाटीकडे बोट दाखवल्यावर ओरडले, "अल्ली हाकब्याडरी! तिथं एक टिपूस पण नको." पैसे किती म्हटलं तर म्हणाले, परत आणा, आधी बघा पळतंय काय ते.

पळालं की. जरा जास्तच पळालं. घरी जोडून माप घेतलं तर ०.७ सेकंद, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तेरा. साफ केलेली, कोरडी, नीट घासणारी डायल मापापेक्षा जोरात धावत होती, हे काही डोक्यात बसेना. स्प्रिंगचे वेढे तपासले, लिहिल्याप्रमाणेच होते. मग भिंग लावून गव्हर्नर बघितला आणि दिसलं, दोन्ही वजनांचे हात आतल्या बाजूला वाकवलेले, आणि एका हातावर पक्कडीचा ओरखडा. म्हणजे कधीतरी तक्रार गेली असणार, १९८ फिरवून, कुणीतरी दुरुस्तीला आलं असणार, त्याला डायल मंद दिसली आणि त्याने तेल काढायच्या ऐवजी वजनं आत वाकवून दिली, म्हणजे ती उशिरा घासतील आणि डायल जोरात येईल. रोगाला हात न लावता नुसता ताप उतरवला. त्या दिवशी फोन लागला असणार, मामांनी चहा पाजला असणार. आणि पुढच्या थंडीत परत तेच.

हे असलं आमच्या कारखान्यात पण रोज दिसतं. एका पार्टची चूक दुसऱ्या पार्टने झाकलेली, दोन्ही मिळून चालतंय, आणि मग एक सुधारला की दुसरा बोंब मारतो. नवीन पोरांना वाटतं सुधारल्यामुळेच बिघडलं, आधीचंच बरं होतं. मी त्यांना सांगतो की आधीचं बरं नव्हतं, आधीचं फक्त शांत होतं.

काकांनी चिमट्याने हात बाहेर काढले, एक केसभर, परत जोडलं, मी दुकानातच रेकॉर्ड करून बघितलं, परत एक केसभर. ते मात्र आकड्याकडे बघत नव्हते, कानानेच ऐकत होते, आणि मी ०.९१ म्हणायच्या आधीच त्यांनी "आयतु, झालं" म्हणून चिमटा खाली ठेवला होता. सेकंदाला दहाला जरासा कमी. पास.

पत्त्यांचं काम मी घरी केलं. दोन जोड्या असतात. एक ठोके देणारी, आणि दुसरी जी चकती जागेवरून हलली की मिटते आणि कानातला रिसीव्हर शॉर्ट करून ठेवते, म्हणजे आपल्याला ती टकटक कानात बसत नाही. ही दुसरी जोडी घाण झाली तर टकटक कानठळ्या बसवते, आणि अडकून मिटलेलीच राहिली तर नंबर लागूनही काही ऐकू येत नाही. साफ करायला पॉलिश पेपर अजिबात नको, टोकांवरचा मऊ धातू उडतो. साधं जाड व्हिजिटिंग कार्ड घ्या, त्याची पट्टी कापून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, पत्त्यांच्या मधे घाला आणि हलक्या दाबाने ओढा. लग्नपत्रिका वापरू नका, त्यांच्यावर चमकी असते (आमच्या घरी रद्दीत तीच सगळ्यात जास्त). उघड-मीटचं प्रमाण ७० आणि ३० च्या आसपास येत होतं, पत्ती जरा वाकवून ते ६६ जवळ आणलं, याला धीर लागतो आणि चांगला उजेड लागतो, आमच्याकडे नेमकी त्या दिवशी लाइट गेली.

हे सगळं करत असताना बायको एकदाच म्हणाली की हे कुणाला ऐकवणार, ठोके मोजणारं एक्स्चेंज राहिलंय कुठे. मुद्दा बरोबर आहे. आणि खरं सांगायचं तर खेड्यांपुरता तो बदल आमच्याच जिल्ह्यात सुरू झाला. सी-डॉट ही सरकारी संस्था १९८४ ला स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी बनवलेलं १२८ लाइनींचं डिजिटल एक्स्चेंज पहिल्यांदा लागलं ते १९८६ ला कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या कित्तूरला, खानापूरपासून फार लांब नाही. त्याची खासियत काय तर एसीची गार खोली लागत नाही, धुळीत आणि उकाड्यात चालतं. मला राहून राहून वाटतं की आमच्या धुळीची दखल घेतली ती त्या लोकांनी. अर्थात ते एक्स्चेंज डायलचे ठोकेसुद्धा मोजायचं, त्यामुळे मामांच्या फोनसारखे फोन नंतरही बरीच वर्षं चालले. आणि हा फोन तर बंगळूरचा, आयटीआयचा (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज), १९४८ ला सुरू झालेल्या सरकारी कारखान्याचा, तळाला शिक्का आहे. म्हणजे हा जिथून आला तिथे लावायचा म्हटला तर २८ ठोके.

आत्याच्या घरी आता फायबर आहे, नातवंडांसाठी घेतलेलं. मोडेमला मागे फोनचं एक भोक असतं, त्यात जोडला. डायलटोन आला, इकडून फोन केला तर बोलता आलं, खरं डायल फिरवली की मोडेम ढिम्म. त्याला ठोके कळत नाहीत, त्याला बटणाचे सूर पाहिजेत. मग ठोक्यांचे सूर करून देणारं एक छोटं सर्किट मिळतं ते आत बसवलं, दोन वायरींच्या मधे, काही कापायचं नाही, उद्या काढलं तर फोन जसा होता तसा. जुन्या वस्तूंचे काही जाणकार याला नावं ठेवतात, म्हणतात ओरिजिनल ठेवा. मला ते पटत नाही. नंबर लागत नसेल तर मी ती वजनं केसभर इकडेतिकडे कशासाठी करत बसलो होतो. आणि ते सर्किट पण काही उदार नाही, ते ठोके मोजतं, मापात असतील तरच घेतं, त्यामुळे ०.९१ चा हिशोब वाया गेला नाही.

आत्याने पहिला फोन पुण्याला मुलाला लावला. मोबाईल नंबर, आधी शून्य आणि मग दहा आकडे, त्यात नऊ, आठ आणि शून्यांची रांग, सगळे मिळून साठाच्या वर ठोके. नुसतं परत यायलाच सहा सेकंद, फिरवायचा वेळ वेगळा, आणि आत्या दर आकड्याला चष्मा वर करून डायरी बघणार. सातव्या आकड्याला म्हणाली, "एवढ्यात मी एसटीने जाऊन आलो असतो." पण सोडला नाही. लागला. तिकडून मुलगा म्हणतोय कोण बोलतंय, लँडलाइनचा नंबर त्याच्याकडे सेव्हच नव्हता.

राहिली ती बेल. एक्स्चेंजच्या ७५ व्होल्टवर खणखणणारी बेल मोडेमच्या रिंगवर नुसती खुर्र करते, मधली हातोडी एकाच वाटीला जेमतेम टेकते. उपाय आहे, त्या वाट्यांचं भोक मुद्दाम मधोमध नसतं, वाटी स्क्रूवर जराशी फिरवली की ती हातोडीच्या जवळ येते किंवा लांब जाते, त्यातनं जमवता येतं. गणपतीला खानापूरला जाणार आहे तेव्हा करीन. तोवर आत्याने स्वतःच मार्ग काढलाय, "तू आधी मोबाईलवर मिस कॉल दे, मग ह्याच्यावर कर. म्हणजे मी येऊन उचलतो."